सिरपूरच्या पाळीवर

"ये थैली तो अपनी सिरपुर वाली माताजी की है ना, भिया?" टेम्पोवाल्यानं मान मागे वळवून विचारलं, आणि जयसिंगरावांचा हात थैलीच्या बंदावर तसाच राहिला. थैलीत सियागंजच्या बाजारातून आणलेली तूरडाळ, साबुदाणा आणि गुळाची ढेप होती. थैली घरचीच, बायकोनं, प्रमोदिनीनं, मिलच्या कापडाची शिवलेली. निळ्या चौकटीत एक पिवळी तार चुकून घुसलेली, म्हणून स्वतः जयसिंगरावांनीच तो तागा बाद केला होता आणि त्यातला तुकडा घरी आणला होता. अख्ख्या इंदूरमध्ये दुसरी अशी थैली असणं शक्य नव्हतं. "कौनसी माताजी?" त्यांनी विचारलं खरं, पण आवाज आधीच बसला होता. "अरे वही, गोरी-सी, नौ गज के जैसा पल्लू कसके चलती हैं. राजमोहल्ले से बैठती हैं, सिरपुर तालाब पे उतर जाती हैं. मच्छी के ठेकेवालों से दो बात की, पाल पे घूमीं, और वापस. चार दिन से दिखी नहीं. तबीयत-पानी ठीक है?" जयसिंगराव म्हणाले, "हां, ठीक है." आणि आपला थांबा यायच्या आधीच, भर उन्हात, उतरून गेले. टेम्पो गेल्यावरसुद्धा ते थैली छातीशी धरून तिथंच उभे होते, आणि एक सायकलवाला शिवी हासडून बाजूनं निघून गेला.

अठ्ठावीस वर्षांचा संसार, आणि बायको दुपारची कुठं जाते हे टेम्पोवाल्याकडून कळावं! पण नीट विचार केला तर कळायला मार्ग तरी कुठं होता? दुपार म्हणजे काय चीज असते हे जयसिंगरावांना मिल बंद पडेपर्यंत ठाऊकच नव्हतं. आयुष्यातल्या सगळ्या दुपारी फोल्डिंग खात्यात गेल्या. मागून दिवा लावलेल्या काचेवरून कापड सरकत राहायचं आणि त्यांनी फक्त बघायचं. डाग, तुटलेली तार, गाठ, विरळ पडलेली जागा. चांगल्या कापडाकडे त्यांचं कधी लक्षच गेलं नाही, चांगल्या कापडावर डोळे थांबतच नसत. दोष आला की मात्र नजर आपोआप थबकायची आणि हात खडू मारून मोकळा व्हायचा. मिलच्या गेटावर नोटीस लागली, भोंगा बंद झाला, खात्यातल्या काचा कुणीतरी फोडून नेल्या असं कानावर आलं, पण डोळ्यांची खोड काही गेली नाही. आता ती घरभर फिरू लागली होती. पातेल्याच्या कडेला राहिलेली राख, मुलाच्या, मनीषच्या, पीथमपूरच्या नव्या नोकरीबद्दल बोलताना त्याचं अडखळणं, देवाच्या तसबिरीचं तिरपं टांगणं. बंद पडलेल्या माणसाला करायला दुसरं काय असतं?

आणि प्रमोदिनीत दोष सापडत होते, हे त्यांना आज एकदम कबूल करावं लागलं. सापडत होते, पण त्यांनी खडू मारला नव्हता एवढंच. गेल्या आठवड्यात तिनं शिंगाडे आणले. "सियागंजात मिळाले हो, ताजे होते." सियागंजात शिंगाडे मिळतात, पण ते पोत्यातले, सुकलेले. हे ओले होते, देठांना चिखल होता, आणि त्यांत एक इवलीशी जिवंत गोगलगाय होती. तिनं ती चिमटीत उचलून तुळशीच्या कुंडीत टाकली. त्याआधी एकदा साडीच्या काठाला हिरवं काहीतरी चिकटलेलं, शेवाळ असावं असं. "भजनाला गेले होते, द्वारकाबाईंकडे अंगणात चिखल होता." मग परवा द्वारकाबाई स्वतःच कुंपणापाशी थांबून म्हणाल्या होत्या, "अहो जयसिंगराव, वहिनींना सांगा ना, त्या आताशा भजनाला येऊनच नाही राहिल्या. पेटी वाजवायला कुणी नाही." ते तेव्हा हो हो म्हणाले आणि विसरल्यासारखं केलं. विसरले नव्हते. माणूस असं काही विसरत नसतो.

घरी आले तेव्हा प्रमोदिनी दारातच तांदूळ निवडत बसली होती. "लवकर आलात," ती म्हणाली, आणि बोलताना तिनं खाली पाहिलं. ही आणखी एक गोष्ट. मिल बंद पडल्यापासून ती डोळ्याला डोळा भिडवत नव्हती. ते बाहेरून आले की तिची नजर आधी खाली जायची, फरशीवर, उंबऱ्यावर, कुठंतरी. मग चुकतमाकत छातीपर्यंत यायची, आणि तिथून स्वयंपाकघराकडे वळायची. पूर्वी असं नव्हतं. पूर्वी ते शिफ्टवरून यायचे तेव्हा तिचे डोळे सरळ तोंडावर यायचे, आज साहेब ओरडला का, पोटात दुखतंय का, सगळं एका नजरेत. "गेटावर होता का?" तिनं विचारलं. "सियागंजात गेलो होतो. तुझ्यासमोरच निघालो ना!" "तसं नाही. उशीर झाला असता तर म्हटलं." मग आधी उलटं कशाला म्हणाली, लवकर आलात म्हणून? जयसिंगरावांनी थैली तिच्यापुढं ठेवली. तिनं ती सहज घेतली, झटकली, घडी घालून खिळ्याला अडकवली. इतकं सहज की त्यांना राग आला. चपला काढताना अंगठ्याला तो लाल दोरा लागला, तोही राग त्यांनी मनात धरला. पावसाळ्याच्या शेवटी कधीतरी तिनं त्यांच्या चपलांच्या दोन्ही पट्ट्यांना आतून लाल दोऱ्याचे टाके घातले होते. "देवळात बदलतात हो." "मी कधी देवळात जाऊन राहिलो?" त्यांनी तेव्हा विचारलं होतं. तिनं चपला उचलून दाराशी ठेवल्या होत्या. तेही त्यांनी आता वेचून बाजूला ठेवलं.

अरविंद! हे नाव त्या संध्याकाळी चहा पिताना एकदम आलं, आणि मग सगळं इतकं जुळलं की त्यांनी कप खाली ठेवला. अरविंद प्रमोदिनीच्या माहेरचा, समुद्रकाठच्या गावातला. मत्स्य खात्यात होता, इंदूरला बदलून आला होता. एका गणपतीत घरी येऊन गेला. मोदक खाताना तिच्याशी त्यांच्या तिकडच्या बोलीत भराभरा बोलला, आणि प्रमोदिनी हसली. ते हसणं जयसिंगरावांना अजून आठवत होतं. पोटातून, तोंडावर पदर धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. इंदुरात ती असं कधी हसली नव्हती. त्यांच्या विनोदांवर तर नाहीच. "तुमका ऐकान काय कळाचा नाय हो, भावोजी," असं अरविंद म्हणाला आणि दोघं पुन्हा हसले. मासे, तलाव, ठेकेवाले, मत्स्य खातं. अहो, लहान पोराला कळेल असा हिशेब! जयसिंगरावांना मत्सर वाटला, साधा, गावठी मत्सर. पन्नाशी उलटलेल्या माणसाला पांढऱ्या केसांच्या छातीखाली असलं काही वाटू शकतं याचीच त्यांना लाज वाटली, पण लाजेनं मत्सर कमी झाला नाही. मिल गेली ती गेली. पण ही पण? मग उरलं काय?

लग्नानंतर तिच्या माहेरी ते पहिल्यांदा गेले होते ते आठवलं. लग्न मामानं जमवलेलं. तिचा मामा मिलमध्ये विणकाम खात्यात होता, जयसिंगरावांचे आजोबा होळकरांच्या पागेत, आणि दोन घरांत इंदूर सोडलं तर काहीच सारखं नव्हतं. इंदूरची सगळी मंडळी म्हणाली, भिया, समुद्र बघायला मिळणार, ऐश आहे तुझी. आणि तिथं गेल्यावर प्रमोदिनीनं त्यांना सगळं दाखवलं, समुद्र सोडून. रोज सकाळी निघायची आणि पाणी दाखवायची. नारळांच्या आगरातलं पाणंदीकडेचं तळं, त्यात म्हशी. टेकडीआडचं पाणकोंबड्यांचं तळं. वाळूच्या पट्ट्यामागं अडकून राहिलेलं समुद्राचं पाणी, गुडघाभर, उथळ, कोमट, मधूनच एखादा मासा उडायचा. तिथं ती खूप वेळ उभी राहिली होती. "हे पाणी बाहेर पडू शकत नाही," ती म्हणाली, "भरती मोठी आली तरच." लांबून समुद्राचा आवाज सारखा यायचा. जयसिंगराव म्हणाले, तिकडं जाऊ ना. ती म्हणाली, जाऊ की, आणि गेलीच नाही. मग एक दिवस देवळामागचं तळं. पायऱ्या होत्या, कमळं होती. जयसिंगराव पाय धुवायला उतरले. ती वरच थांबली. खालच्या पायरीकडे टक लावून बघत होती, आणि बघता बघता तिनं हात जोडले, देवळाकडे पाठ करून, पायरीकडे. "काय आहे तिथं?" "काही नाही." तेव्हासुद्धा त्यांना वाटलं होतं, इथं कुणीतरी हिला भेटत असणार. नवं लग्न, म्हणून त्यांनी तो विचार गिळला. सासूनं सांगितलं होतं की प्रमोदिनीचे वडील गलबतावर तांडेल, खलाशांचे म्होरके, होते आणि त्यांना समुद्रानं नेलं. मग समुद्राला हात जोडावेत, त्या डबक्याला का? पण हे त्यांनी कुणाला विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं आता वाटलं.

हे सगळं आठवताना एक गोष्ट मात्र ते आठवत नव्हते. ती जागा आली की मन बाजूनं निघून जायचं. भाद्रपदातली एक दुपार होती. गेटावर युनियनचा माणूस म्हणाला होता की मशिनरी भंगारात जाणार, आता कुणी वाट बघू नका. जयसिंगराव तिथून निघाले आणि कुठं जायचं ते न ठरवता चालत राहिले, मग एका टेम्पोत बसले, मग दुसऱ्या, आणि पिपल्यापाल्याच्या तलावाशी उतरले. तिथं चपला काढून काठावरच्या शेवाळल्या दगडावर ठेवल्या. पाण्यात पाय सोडले. पाणी कोमट होतं. बस्स, एवढंच. मग म्हशी आल्या, आणि ते घरी आले. घरी तिनं विचारलं, कुठं होता, ते म्हणाले, गेटावर. त्यात सांगण्यासारखं काय होतं? सगळ्यांनाच कधी ना कधी पाण्याकाठी बसावंसं वाटतं. त्यांनी तो विचार पुन्हा बाजूला सारला आणि अरविंदाकडे वळले. अरविंदाकडे बघणं सोपं होतं.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर ते म्हणाले, "मी गेटावर जाऊन येतो. संध्याकाळ होईल." प्रमोदिनी ताटं उचलत होती, थांबली. "संध्याकाळ? आज काय आहे गेटावर?" "मीटिंग आहे." "बरं." पुन्हा तीच खालची नजर. जयसिंगराव कोपऱ्यावरच्या पानठेल्यामागं जाऊन उभे राहिले. चुना लावून घेतलेलं पान हातातच राहिलं. आपण काय करून राहिलो, या वयात, बायकोच्या मागे? पण पाय हलेनात. ते पान खातायत न खातायत तोच ती आली. निळी थैली काखेत, पदर कसून खोचलेला, आणि ती जवळजवळ पळत होती. भेटायला जाणारी बाईच अशी पळते! घरातून नवरा बाहेर पडायचा अवकाश. ती राजमोहल्ल्याला टेम्पोत बसली, ते मागच्या टेम्पोत. धार रोडवर उन्हाचा फुफाटा होता. मागच्या टेम्पोतले जयसिंगराव मनात एकेक वाक्य तयार करत होते, आणि सगळी वाक्यं तिला नाही, अरविंदाला होती.

सिरपूरचा तलाव पसरलेला, काठाला जलकुंभीची हिरवी पानं, मध्ये पाणपक्ष्यांचे काळे ठिपके. ते एका बाभळीआड थांबले. प्रमोदिनी पाळीवरून, तलावाच्या बांधावरून, चालत होती, पण इकडंतिकडं बघत नव्हती. मान खाली. काठाच्या दगडांकडे, प्रत्येक दगडाकडे बघत चालली होती. जिथं पाण्यात उतरायला वाट होती तिथं थांबायची, वाकायची, पुढं जायची. ही चाल जयसिंगरावांना ओळखीची वाटली, आणि क्षणभरानं कळलं की ही त्यांचीच चाल आहे, फोल्डिंगच्या टेबलापाशी उभं राहून बघायची. ती दोष शोधत होती. मग एका ठिकाणी ती थबकलीच. काठावर पुरुषी चपलांचा जोड होता आणि आसपास कुणी नव्हतं. ती चपलांशेजारी खाली बसली आणि एक चप्पल उचलून तिनं पट्टीच्या आत बोट घातलं. चाचपलं. दुसरीतही. मग दोन्ही चपला शेजारी शेजारी, सरळ, नीट ठेवल्या आणि पदरानं तोंड पुसलं. थोड्या वेळानं झुडपामागून एक म्हातारा धोतर सावरत आला, चपला घालून चालू लागला, तिच्याकडे त्यानं बघितलंही नाही. पाण्यात ट्यूबवर बसून जाळं ओढणाऱ्या कोळ्यानं तिला बघून हात वर केला. "नहीं माताजी," तो ओरडला, "आज भी कोई नहीं! सब भले घर पे हैं!" तिनं त्याला हात जोडले.

जयसिंगराव बाभळीआडून बाहेर आले. तोंडातलं पान त्यांनी कधी थुंकलं ते त्यांना कळलं नाही. तयार केलेली सगळी वाक्यं संपली होती. "प्रमोदिनी," ते म्हणाले.

ती वळली, आणि तिची नजर सरळ त्यांच्या पायांवर गेली. चपलांवर. लाल दोऱ्यावर. "पायात आसत," ती म्हणाली, माहेरच्या बोलीत, त्यांना नाही, स्वतःलाच. मग पुन्हा म्हणाली, "पायात आसत."

दोघं तिथंच पाळीवर बसले. ती कधी सलग बोलत नसे, आज बोलली. "आमचं गलबत बंद पडलं ना," ती म्हणाली, "सडक झाली, पूल झाला, माल ट्रकनं जायला लागला. बाबा घरी बसले. रोज बाहेर जायचे. कुठं होतात विचारलं की म्हणायचे, बंदरावर. मग एक दिवस आलेच नाहीत. तांडेल माणूस, आला नाही म्हणजे कुठं गेला असणार? सगळा गाव समुद्राकडे तोंड करून बसला. किनाऱ्यावर कंदील लावले, होड्या काढल्या, आईनं समुद्राला ओटी भरली. आणि देवळामागच्या तळ्याच्या खालच्या पायरीवर बाबांच्या वहाणा होत्या हो. बायका तिथं धुणं धुवत होत्या. कुणाच्यातरी असतील, म्हणून बाजूला सरकवून ठेवल्या. त्या वहाणा मी ओळखल्या असत्या. पण मला कुणी तळ्याकडे पाठवलंच नाही, मीही समुद्राकडेच बघत होते." तिनं एक खडा उचलून पाण्यात टाकला. "नंतर ते त्या तळ्यातच सापडले, आणि सगळ्यांनी ठरवलं की समुद्रानं नेलं असंच सांगायचं. समुद्रानं नेलं तर माणसाची अब्रू राहते."

बगळा उडाला, पुन्हा बसला. "आणि अरविंद?" जयसिंगरावांनी विचारलं, कारण आता दुसरं काही विचारता येईना. "अरविंद? त्याची तर केव्हाच बदली झाली भोपाळला. का?" "काही नाही." ही बया आपल्यासाठी टेम्पो-टेम्पो फिरते आणि आपण? त्यांना स्वतःच्या कानफटात द्यावीशी वाटली. "तू रोज येतेस इथं?"

"तुम्ही उशीर होईल म्हणालात की निघते. कधी बिलावलीच्या तलावाला, कधी इथं. एकदा तर हातोदपर्यंत गेले, यशवंतसागरला. त्या दिवशी तुमच्या चपलेला शेवाळ होतं ना, भाद्रपदात. गेटावर होतो म्हणालात. गेटावर शेवाळ कुठलं? मी धुऊन टाकलं, आणि दोरा घातला. पण कुठल्या तळ्याचं ते मला ओळखू येईना. म्हणून मग सगळीकडे बघते." तिनं त्यांच्या चपलेच्या पट्टीवरून बोट फिरवलं. "कुठलं होतं ते?"

खोटं बोलता आलं असतं. हे सिरपूरचंच, असं म्हटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. "पिपल्यापाला," ते म्हणाले.

"अगंबाई," प्रमोदिनी हळूच म्हणाली. "तिथं मी कधीच नाही गेले. लांब पडतं हो. दोन टेम्पो बदलावे लागतात."

समोर पाणी होतं, त्यात जाळ्याचे थर्माकोलचे तुकडे तरंगत होते. इतके महिने ती इथं येऊन दगड दगड बघत होती, आणि ते तिकडं, गावाच्या दुसऱ्या टोकाला, चपला काढून बसले होते. तिनं शेवटी विचारलं, "मग उठलात कशानं?"

"म्हशी आल्या पाण्यात."

तेव्हा, मिल बंद पडल्यापासून पहिल्यांदा, प्रमोदिनीनं मान वर करून त्यांच्या डोळ्यांत बघितलं, सरळ, पूर्वी शिफ्टवरून आल्यावर बघायची तसं. आणि जयसिंगरावांना ती नजर पेलेना. त्यांनी खाली बघितलं, आपल्या चपलांकडे.